दुपारी पिकणारा रंग

मास्तरांना कुणी रंगारी म्हटलं की त्यांचं पित्त खवळायचं. रंगारी भिंती रंगवतात. मास्तर गाड्या रंगवायचे आणि त्याही जुन्या, म्हणजे ज्यांच्या कंपन्या बंद पडून जमाना झाला आणि तरी मालक ते मान्य करायला तयार नाहीत अशा. चाळीस वर्षं हेच काम. नखं कधी पूर्ण स्वच्छ नाहीत, खिशात कायम पत्रा घासायच्या वॉटर पेपरचा घडी घातलेला तुकडा, आणि बोलणं असं की ऐकणाऱ्याला वाटावं, हा माणूस गाडीला रंग देत नाही, दीक्षा देतो.

त्यांचं वर्कशॉप म्हणजे पत्र्याची एक लांबट शेड. पुढच्या अर्ध्या भागात ठोक्या. हा मास्तरांचा तीस वर्षांचा दोस्त. चेपलेला पत्रा हातोडीने ठोकून सरळ करायचा, म्हणून हे नाव. मागच्या अर्ध्या भागात, प्लास्टिकच्या पडद्याआड, मास्तर, त्यांचा कॉम्प्रेसर, त्यांची स्प्रे गन आणि फळीवर मांडलेले रंगाचे डबे. भिंतीला लागून एक लाकडी बाक होता. जेवण झालं की त्यावर मास्तर बरोबर अर्धा तास आडवे होत.

गिऱ्हाईकं एकाहून एक. एरवी शहाणीसुरती माणसं. दारात नवी गाडी, किल्ली फिरवली की निमूट निघणारी. पण रविवार उजाडला की त्यांना ती नको असायची. त्यांना हवी असायची ती शेडमधली म्हातारी, जी सुरू होईल की नाही हे तिचं तिलाच माहीत नसतं. दातांचे डॉक्टर तर म्हणायचे, "मास्तर, नवी गाडी मला नेते. जुनीला मलाच न्यावं लागतं. म्हणून ती माझी वाटते." हे बोलताना त्यांचे हात कोपरापर्यंत काळे झालेले असायचे आणि बाहेर खुर्चीवर एक पेशंट गाल धरून बसलेला असायचा. बेकरीवाल्याची तऱ्हा आणखी वेगळी. त्याने एका जुन्या डिलिव्हरी व्हॅनचं छप्पर चार बोटं खाली घेतलं, मागची चाकं रुंद केली, आत मखमली सीट शिवून घेतल्या. आता तिच्यात पाव मावत नव्हता, पण तो दिवसातून तीनदा तिला पुसायचा. बायकोला एवढं जपलं असतं तर, असं त्याची बायको चारचौघांत बोलून दाखवायची आणि तो मान डोलवायचा.

डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी आपली गाडी क्रीम रंगात करून घेतली आणि गावात क्रीमची साथच पसरली. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. आठ गाड्या झाल्या. सगळ्या मास्तरांच्या हातच्या.

रंग मिसळायची मास्तरांची पद्धत सांगण्यासारखी होती, आणि ते ती सांगायचेही, विचारलं नाही तरी. बाजारातल्या रंगाच्या दुकानात एक मशीन आलं होतं. पत्र्याला टेकवलं की रंगाचा नेमका नंबर सांगायचं. मास्तर त्याला डबडं म्हणायचे. "मला कशाला नंबर? पन्नास वर्षांपूर्वीचा क्रीम इथे आहे," म्हणून कपाळावर बोट ठोकायचे. मग पांढऱ्याच्या डब्यात पिवळा, चमचाभर तपकिरी, थेंबभर काळा, सगळं अंदाजाने, आणि काठीने ढवळत राहायचे. नमुना बघणं म्हणजे कॉपी करणं, असं त्यांचं मत.

नमुना मात्र असायचा. ज्यांच्या हाताखाली मास्तर शिकले, त्यांचा दंडक होता की कुठलीही जुनी गाडी रंगवताना तळहाताएवढा मूळ रंग तसाच ठेवायचा. डिकीत स्टेपनीखाली, नाहीतर मागच्या सीटच्या पोटात. त्याला म्हणायचं साक्षीदार. मास्तरांनी तो नियम कधी मोडला नाही. फक्त साक्षीदाराची साक्ष त्यांनी कधी काढली नाही, एवढंच. तो पुढच्या पिढीसाठी असतो, म्हणायचे.

आणि त्यांचा सिद्धांत. तो सांगितल्याशिवाय मास्तरांची ओळख पुरी होत नाही. सकाळी मिसळलेला रंग लगेच मारायचा नाही. झाकण ठेवून त्याला दुपारी निजू द्यायचं. रंग झोपेत पिकतो. सकाळी जरा कच्चा, पांढुरका वाटतो आणि अर्ध्या तासाने झाकण उघडावं तर कसा भरलेला, उबदार! हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, एकदा नाही, वर्षानुवर्षं. जुन्या गाड्यांच्या क्लबात त्यांचं यावर भाषण झालं. क्लबाच्या पुस्तिकेत ते छापून आलं. एक सभासद तर घरी स्कूटर रंगवताना डब्यावर चादर घालून, पोरांना गप्प बसवून बसला होता. त्याचा रंग पिकला नाही. मास्तर म्हणाले, "सगळ्यांच्या हातून पिकत नाही."

या सगळ्यात मास्तरांची बायको कुठे होती? डबा घेऊन येत होती. ती गावातल्या मोठ्या लाँड्रीत रफूचं काम करायची. कोटाला भोक पडावं, हिने त्याच सुताचा त्याच छटेचा दोरा शोधून ते असं भरावं की मालकाने जागा शोधत बसावं. लाँड्रीला दुपारी सुट्टी असे, तेव्हा ती वर्कशॉपवर यायची, मास्तरांना आणि ठोक्याला वाढायची, मास्तर बाकावर कलंडले की भांडी घासायची आणि परत जायची. तिला गाड्यांतलं काही कळत नाही, असं मास्तर कौतुकाने सांगायचे. तीही "नाही बाई" म्हणायची.

तर अशा सुखात चाललं असताना मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. निघाला म्हणजे बरीच वर्षं होता, निघाला तो डोळ्यांच्या डॉक्टरकडे. मास्तर दिव्याच्या खांबाला "सरका जरा" म्हणाले, तेव्हा बायकोने हाताला धरून नेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "दोन्ही डोळ्यांत चांगला पिकलाय हो." पिकण्यावर मास्तरांचा इतका विश्वास, पण त्या दिवशी त्यांना तो शब्द आवडला नाही.

आधी उजवा डोळा झाला. पट्टी निघाली आणि मास्तर बघतच राहिले. भिंत पांढरी होती. त्यांना ती कायम मळकट वाटायची आणि घरमालकाला ते चार वर्षं त्यावरून बोलत होते. आकाश एवढं निळं होतं की जरा जास्तच वाटावं. मग त्यांनी बायकोच्या केसांकडे पाहिलं.

"अगं, तू एवढी पांढरी कधी झालीस?"

"तुम्ही बघत नव्हता तेव्हा," ती म्हणाली.

पंधरा दिवस धुळीत जायचं नाही, अशी ताकीद होती, आणि बायकोने ती पाळायला लावली. सोळाव्या दिवशी मास्तर वर्कशॉपवर हजर. तोवर त्यांना घरी एक खेळच जडला होता. कधी उजवा डोळा मिटायचा, कधी डावा. उजव्याने टॉवेल पांढरा, डाव्याने तोच टॉवेल चहात बुडवल्यासारखा. पहिले काही दिवस मजा वाटली. मग एका सकाळी दाढी करता करता त्यांचा हात थांबला. क्रीम कुठल्या डोळ्याने बनवत होतो आपण?

म्हणून वर्कशॉपवर आल्या आल्या त्यांनी नव्या डोळ्यावर रुमाल बांधला आणि डाव्या, जुन्या डोळ्याने वाटीभर क्रीम मिसळला. नेहमीसारखाच, अंदाजाने. झक्क जमला. मग रुमाल सोडून उजव्या डोळ्याने पाहिलं. वाटीत पाणी घातलेलं दूध होतं. निळसर, फिकं, आजाऱ्याच्या तोंडासारखं.

मास्तरांनी बोटांवर हिशेब केला. सहा वर्षं. आठ गाड्या. आणि पुढच्या रविवारी क्लबाचा मेळावा. या वेळी आठही क्रीम गाड्या मैदानावर एका रांगेत, भर उन्हात लावायच्या, असं ठरलं होतं, आणि ठरवलं होतं खुद्द मास्तरांनीच. बाहेरगावची जाणकार मंडळी यायची होती. एकाने जरी डिकी उघडून साक्षीदार पाहिला, तरी चाळीस वर्षांचं नाव तिथेच मातीत जाणार होतं.

त्याच दिवशी ते दातांच्या डॉक्टरांकडे गेले. "स्टेपनीखाली पाणी साचतंय का बघतो," अशी थाप मारून त्यांनी डिकी उघडली, सतरंजी उचलली, डावा डोळा मिटला आणि श्वास रोखून पाहिलं. तळहाताएवढा जुना क्रीम. त्याच्या कडेला लागून मास्तरांचा क्रीम. कड सापडेना. त्यांनी बोट फिरवलं, तेव्हा कुठे पातळशी पायरी लागली. रंग हुबेहूब होता.

मास्तर सरळ उभे राहिले ते दोन इंच उंच होऊन. बेकरीवाल्याकडे गेले, तिथेही तेच. तीन दिवसांत सात गाड्यांची स्टेपनी निघाली, सात साक्षीदारांनी साक्ष दिली. डोळे गेले तरी हात चुकला नाही! म्हणजे हे डोळ्याचं काम नव्हतंच मुळी, ही साधना होती. घरी बायकोला त्यांनी हे तीन-चारदा ऐकवलं. "बरं झालं बाई," असं म्हणून ती सुईत दोरा ओवत राहिली.

आठवी गाडी मोठ्या बाईंची. त्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. तरुणपणी अशाच गाडीत ड्रायव्हिंगच्या परीक्षेत तीनदा नापास झाल्या होत्या. निवृत्त झाल्यावर तसलीच शोधून विकत घेतली, का, तर "तिला कळू दे कोण जिंकलं ते." मास्तर ऐटीत गेले, मागची सीट उचलली आणि तसेच वाकलेले राहिले. आत साक्षीदार लोण्यासारखा. बाहेरची गाडी चुन्याच्या निवळीसारखी. वाटीत पाहिला होता तोच रंग, तीच आजारी निळी झाक.

ही एकच का? घरी परतताना मास्तरांनी आठवून पाहिलं. हो, त्या दिवशी रंग पिकला नव्हता. हवा ओली आहे म्हणून पिकला नाही, असं त्यांनी ठोक्याला सांगितलंही होतं. सकाळी जसा दिसला, तसाच दुपारी दिसला होता. पाव चावत चावत त्यांनी तो मारला होता. पाव? डबा का नव्हता? कारण बायकोच्या बहिणीचं हाड मोडलं होतं आणि बायको बारा दिवस तिच्याकडे होती.

मास्तर रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मागून एक सायकलवाला शिव्या देऊन गेला, त्याही त्यांना ऐकू आल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी ठोक्याला गाठलं. "मी जेवून झोपतो, तेव्हा ही काय करते?"

ठोक्याने हातोडी जोरजोरात चालवायला घेतली. "भांडी घासते."

"आणि?"

"आणि जाते."

"ठोक्या."

हातोडी थांबली. "मधे जरा ढवळते," ठोक्या म्हणाला. "मला यात ओढू नकोस, मास्तर. सहा वर्षं वहिनींच्या हातचं खातोय मी."

"आणि सहा वर्षं गप्प बसलास?"

"तू भाषणं देत होतास. मी मधे कधी बोलणार?"

मास्तर घरी गेले ते तोंड फुगवून. बायको खिडकीपाशी कुणाच्या तरी कोटाची कोपरं भरत बसली होती. त्यांनी विचारलं, तिने लपवलं नाही. सहा वर्षांपूर्वी, डॉक्टरांच्या गाडीच्या वेळी, भांडी घासताना तिने सहज झाकण उचललं. डिकी उघडीच होती, आतला जुना रंग दिसत होता. दोन्ही जुळत नव्हते. तिचा हात शिवशिवला. दोन चमचे पिवळा, नखाएवढा तपकिरी.

"तुम्ही उठलात की सांगणारच होते," ती म्हणाली. "पण तुम्ही उठलात, झाकण काढलंत आणि ओरडलात, 'अगं बघ, झोपेत कसा पिकलाय!' इतके खूश झालात, की सांगायचं राहून गेलं."

"सहा वर्षं राहून गेलं?"

"मग भाषण झालं तुमचं. मग ते छापून आलं." तिने दोरा दाताने तोडला. "छापून आल्यावर काय सांगणार?"

मास्तरांना राग आला, पण तो नेमका कुणावर काढावा हे कळेना. त्याहून वाईट म्हणजे लाज वाटत होती. क्लबातल्या खुर्च्या, टाळ्या, चादर घालून बसलेला तो बिचारा स्कूटरवाला, सगळं डोळ्यांपुढून गेलं, आणि आता डोळा नवा असल्यामुळे फारच स्पष्ट दिसलं. दोन दिवस ते नीट जेवले नाहीत. बायकोने आग्रह केला नाही, फक्त ताट झाकून ठेवलं. तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, ते म्हणाले, "मोठ्या बाईंची गाडी आणतो. मेळाव्याच्या आत पुन्हा रंगवतो. तू येशील? क्रीम तू मिसळ."

"गाडी आणायला येते," ती म्हणाली. "एका डोळ्याने चालवायला निघालायत."

मोठ्या बाईंनी फाटकातच अडवलं. "का म्हणून रंगवायची?"

"चुकलाय रंग, बाई."

"किती मार्कांनी?"

बाई गाडीला एक चक्कर मारून आल्या. "बाकीच्या सात गाड्या मला ओळखता येत नाहीत. डॉक्टरांची म्हणून एकीत बसायला गेले, तर आत भलताच माणूस. माझी लांबून ओळखू येते. चाळीस वर्षं मी चुकांवर लाल रेघा मारल्या, मास्तर. ही मला आवडते, हिला हात लावायचा नाही." आणि त्यांनी फाटक लावलं.

परत येताना मास्तरांनी हातवारे करत सगळं मांडलं. रविवारी रांगेत ती एकच वेगळी दिसेल. लोक विचारतील. आपण पुन्हा बाईंना समजावू, तू समजाव, तुझं ऐकतील.

"राहू द्या ना ती," बायको म्हणाली. "एक तरी तुमची राहू दे की."

मास्तरांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. ती पुढे बघून चालत होती, पण गालातल्या गालात हसत होती. मास्तरांनी रागवायचा प्रयत्न केला, तो फसला, आणि ते इतके हसले की नव्या डोळ्याला पाणी आलं.

रविवारी मैदानावर आठ गाड्या रांगेत लागल्या. सात लोण्यासारख्या, एकमेकींच्या सख्ख्या बहिणी. आठवी शेवटी, फिकी, जरा बाजूला सरकून उभी. मोठ्या बाई तिच्या बॉनेटला टेकून येणाऱ्या-जाणाऱ्याला आपल्या तीन नापास परीक्षा सांगत होत्या. दातांचे डॉक्टर कुणाला तरी आपली गाडी सुरू करून दाखवत होते आणि ती सुरू होत नव्हती, तरी दोघेही आनंदात होते.

दुपारी बाहेरगावचा एक गृहस्थ आला. गळ्यात कॅमेरा, बोलणं जाणकाराचं. त्याने सहा डिक्या उघडून पाहिल्या होत्या. मास्तरांचे हात हातात घेऊन तो म्हणाला, "असा क्रीम मी कुठे पाहिला नाही. या सगळ्या गाड्या तुम्हीच रंगवल्यात ना?"

या प्रश्नाला सहा वर्षं मास्तरांची हनुवटी आपोआप वर जायची. आज गेली नाही. शेजारी बायको डब्याची पिशवी घेऊन उभी होती.

"गन मी मारली," मास्तर म्हणाले. "पण रंग हिचा. या सातही गाड्यांचा. ती शेवटची आहे ना, तेवढी माझी."

गृहस्थाने एकदा सात गाड्यांकडे पाहिलं, एकदा शेवटच्या गाडीकडे, आणि मग बायकोकडे. बायको पिशवीचे बंद ओढत होती. तिचे कान लाल झाले होते.

"ऊन लागलंय यांना," ती म्हणाली. "डोळ्याचं ऑपरेशन झालंय."

"म्हणूनच दिसलं," मास्तर म्हणाले. "हिचा फोटो घ्या. गाड्यांबरोबर."

गृहस्थाने कॅमेरा डोळ्याला लावला. बायकोने मास्तरांची बाही धरली, पण त्यांनी ती हळूच सोडवून घेतली, रांगेच्या टोकापर्यंत चालत गेले आणि मोठ्या बाईंच्या गाडीशेजारी जाऊन उभे राहिले.